नवव्या दिवसाची डिश

आमच्या वन्सं कुणाचं वाईट चिंतत नाहीत असं मी म्हटलं, तर ते धडधडीत खोटं होईल. एका माणसाचं त्यांनी बारा वर्षं मनापासून वाईट चिंतलं. नुसतं चिंतून थांबल्या नाहीत, ते घडवूनही आणलं. आणि मला विचाराल तर त्याला ते मिळायलाच हवं होतं.

मी त्यांची भावजय. शाळेत भूगोल शिकवते. पेशी, मेंदू वगैरे मला काही कळायचं कारण नव्हतं. जे कळलं ते स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, त्यांच्यासमोर बसून शेंगा सोलताना कळलं.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा वन्सं एका संशोधन संस्थेत पीएचडी करत होत्या. अंगाने काटकुळ्या, केस पेन्सिलीने वर खोचलेले, बोलणं तुटक. सासूबाई आधीच गेल्या होत्या. सासरे, म्हणजे बाबा, काचेचं काम करायचे. लोकांच्या खिडक्यांना, कपाटांना काचा बसवायचे. माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. अशा घरात वन्संनी मेंदूचा अभ्यास कुठून काढला, याचं बाबांना फार नवल वाटायचं. आल्यागेल्याला सांगायचे, "आमची पोरगी मेंदूतलं बघते. मला तर तिच्या डोक्यात काय चाललंय तेही कधी दिसलं नाही."

एकदा मी विचारलं, "वन्सं, तुम्ही नक्की बघता तरी काय?"

"मायटोकॉन्ड्रिया," त्या म्हणाल्या. माझा चेहरा बघून पुढे बोलल्या, "अगं, प्रत्येक पेशीत ते शेकड्यांनी असतात. पेशीला लागणारी ताकद तिथेच तयार होते. आणि ते गप्प बसत नाहीत. एकमेकांना चिकटून लांब होतात, मग तुटतात, परत चिकटतात. काही जणांचे हात उतारवयात थरथरायला लागतात ना, त्यांच्या मेंदूतल्या ठरावीक पेशींमध्ये यांचे फार तुकडे होतात. मग ती पेशी मरते. आणि मेंदूतली मेलेली पेशी परत येत नाही."

"मग तुकडे होऊच दिले नाहीत तर?"

"आमचे सर नेमकं हेच म्हणतात," त्या म्हणाल्या. तेव्हा त्यांना सरांचं कौतुक होतं.

सर म्हणजे त्यांच्या विभागाचे प्रमुख. एकदा संस्थेच्या कार्यक्रमात मी त्यांना पाहिलं. उंच, पांढरे दाट केस, आवाज असा मऊ की रागावले तरी समोरच्याला आशीर्वाद दिल्यासारखं वाटावं. सगळ्यांना 'बाळ' म्हणायचे. त्यांनी तुकडे होणं थांबवणारं एक रसायन शोधलं होतं. डिशमध्ये वाढवलेल्या चेतापेशींवर आधी विष घालायचं, मग हे रसायन घालायचं, आणि चौथ्या दिवशी किती पेशी जगल्या ते मोजायचं. रसायन घातलेल्या जवळजवळ सगळ्या जगायच्या. मोजण्याचं काम वन्सं आणि त्यांची मैत्रीण मिळून करायच्या. ही मैत्रीण इतकी हळू बोलायची की तिला सगळे 'चिऊ' म्हणत. दोघी एकाच बाकावर बसायच्या, डबाही एकत्र खायच्या.

चौथ्या दिवशी मोजून झालं की डिश टाकून द्यायची, असा नियम होता. एकदा वन्संना एक डिश टाकवेना. पेशी इतक्या सुरेख दिसत होत्या की त्यांनी ती उबेच्या कपाटात परत ठेवली. सहाव्या दिवशी पाहिलं तर काहीतरी बिनसलं होतं. नवव्या दिवशी पेशी उरल्याच नव्हत्या. आणि शेजारच्या डिशमध्ये, जिथे नुसतं विष होतं, रसायन नव्हतं, तिथे मात्र अजून थोड्या जिवंत होत्या.

"म्हणजे औषधाने जास्त मेल्या?" मी विचारलं.

"हो. कारण तुटणं हा नुसता रोग नाहीये. तो इलाजही आहे. मायटोकॉन्ड्रियाचा जो भाग बिघडला तो तुटून वेगळा होतो, आणि पेशी त्याची विल्हेवाट लावते. तुटूच दिलं नाही तर बिघडलेलं सगळं आत साचतं. चार दिवस बरं दिसतं, मग एकदम कोसळतं."

त्यांनी प्रयोग पाच वेळा परत केला. दर वेळी तेच. मग फोटो घेऊन सरांकडे गेल्या. सरांनी शांतपणे सगळं पाहिलं आणि म्हणाले, "बाळ, नऊ दिवसांची डिश म्हणजे शिळं अन्न. त्यात जंतू शिरले असणार. तुझा हात अजून जरा कच्चा आहे."

चार महिन्यांनी सरांचा निबंध छापून आला. फोटो वन्संनी काढलेले, पण फक्त चौथ्या दिवसाचे. पहिलं नाव चिऊचं. वन्संचं नाव शेवटी आभारात, काचा धुणाऱ्या बाईंच्या खाली. त्या जाब विचारायला गेल्या. महिन्याभरात त्यांचा बाक बदलला, मग प्रगती अहवालात 'कामात हलगर्जी, नोंदी विश्वासार्ह नाहीत' असा शेरा आला. वह्या संस्थेच्या मालकीच्या म्हणून ठेवून घेतल्या. पीएचडी गेली. त्या घरी आल्या, पेन्सिल काढून केस मोकळे सोडले आणि बाबांना म्हणाल्या, "मला हाकललं."

मग सगळं सांगितलं. माझा नवरा दातओठ खात म्हणाला, "त्याच्या इमारतीतली लिफ्ट माझ्याकडेच आहे. दोन मजल्यांच्या मधे ठेवतो दिवसभर." तेवढ्यातही बाबा हसले. वन्सं हसल्या नाहीत.

त्यांना एका रुग्णालयाच्या तपासणी विभागात काम मिळालं. मेलेल्या माणसांच्या अवयवांचे पातळ काप करून काचेवर लावायचे. विभागाच्या डॉक्टरीणबाईंनी दोन दिवसांत त्यांचा हात ओळखला आणि मेंदूचे काप त्यांच्याकडे सोपवले. 'कच्चा हात' म्हणे! केसाच्या दहाव्या हिश्शाइतका पातळ काप त्या काढायच्या.

पाच वर्षं गेली. वन्सं सरांचं नाव काढत नसत, पण त्यांचा एकूण एक निबंध वाचत. वाचताना ओठ घट्ट मिटलेले असत. आणि याच सुमारास बाबांनी कापलेली काच तिरकी जायला लागली. आधी चष्मा बदलून झाला. मग एक दिवस चहाचा कप बशीवर टकटक वाजायला लागला आणि वन्संनी हातातलं काम खाली ठेवलं. त्यांना काही सांगावं लागलं नाही.

आता जे सांगते ते सांगताना मला अजून जड जातं. सरांच्या रसायनाची एव्हाना गोळी झाली होती आणि माणसांवर तिची चाचणी सुरू होती. निम्म्या रुग्णांना खरी गोळी, निम्म्यांना खोटी. माझ्या नवऱ्याला डॉक्टरांनी त्याबद्दल सांगितलं. त्याने बाबांना विचारलं, बाबा म्हणाले, "बघू या." कागदावर बाबांनी सही केली, साक्षीदार म्हणून मी केली. वन्संना आम्ही सांगितलं नाही. सांगितलं तर त्या नाही म्हणतील, हे आम्हाला माहीत होतं.

दोन महिन्यांत बाबा शर्टाची बटणं स्वतः लावायला लागले. घरात आनंदीआनंद. वन्संही खूश. मग एके दिवशी त्यांना औषधांच्या डब्यात ती बाटली सापडली.

बाटली हातात घेऊन त्या बाहेर आल्या. "ही कधीपासून?"

नवऱ्याने सांगितलं.

"आजच्या आज बंद करा."

"ताई, बाबांना बरं वाटतंय."

"चौथा दिवस चाललाय त्यांचा! बरं वाटणारच!"

"तू सरांवरचा राग बाबांवर काढू नकोस," नवरा म्हणाला.

वन्संनी माझ्याकडे पाहिलं. मी तरी त्यांची बाजू घेईन असं त्यांना वाटलं असावं. मी खाली बघितलं. खरं सांगायचं तर मलाही तो आकसच वाटला होता. बाबा मधे पडले. म्हणाले, "पोरी, तू म्हणतेस ते खरंही असेल. पण आज मी माझा शर्ट मी घातलाय. तेवढं मला घेऊ दे."

आठव्या महिन्यात बाबा उठेनासे झाले. चौदाव्या महिन्यात गिळता येईना, तेव्हा गोळी थांबली. चाचणीचा अहवाल तोवर छापून आला होता. सहा महिन्यांवर मोजमाप, निकाल उत्तम. त्यानंतर रुग्ण खालावले ती 'रोगाची नैसर्गिक वाढ'. वन्सं तो अहवाल वाचून म्हणाल्या, "परत चौथ्याच दिवशी मोजलं." आवाज अगदी साधा होता. मला त्या साधेपणाचीच भीती वाटली.

जायच्या पंधरा दिवस आधी बाबांनी वन्संना जवळ बोलावलं. शब्द नीट फुटत नव्हते, मीच कान लावून ऐकले. ते म्हणाले, "मेल्यावर माझी कवटी उघड. काय चुकलं ते बघ. आणि सापडलं तर सोडू नकोस."

बाबा सकाळी गेले. दुपारच्या आत त्यांचा मेंदू काढून औषधात ठेवायला हवा होता, उशीर झाला की आतलं बारीकसारीक विरघळून जातं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तू बाहेर बस. मी करते." वन्सं म्हणाल्या, "माझ्याहून पातळ काप इथे कोण काढतं?" आणि हातमोजे घातले.

मोठ्या मायक्रोस्कोपखाली त्यांना जे दिसलं ते त्यांनी मला कागदावर काढून दाखवलं. मायटोकॉन्ड्रिया तुटलेलेच नव्हते. लांबच लांब, फुगलेले, आत काळा गाळ भरलेला. "नवव्या दिवसाची डिश आहे ही," त्या म्हणाल्या. "फरक एवढाच की ही आपल्या बाबांच्या डोक्यात होती."

एका मेंदूवरून काही सिद्ध होत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. खरी गोळी एक्केचाळीस जणांना दिली होती; चाचणी संपल्यावर ती नावं डॉक्टरांना कळली होती, त्यात बाबाही होते. रुग्णालयाची रीतसर परवानगी काढून, डॉक्टरीणबाईंना बरोबर घेऊन वन्सं त्या घरांमध्ये जाऊ लागल्या. माणूस समोर खुर्चीत थरथरत बसलेला, आणि याच्या मरणानंतर याचा मेंदू द्याल का, असं विचारायचं. काही घरांनी पाणीही विचारलं नाही. एका बाईने तर चप्पल उगारली.

मी एकदा चिडून म्हणाले, "वन्सं, तुम्ही लोकांच्या मरणाची वाट बघत बसता!"

"मी वाट बघते," त्या म्हणाल्या. "त्याने तर घडवून आणलं."

सहा वर्षं लागली. चार घरांनी होकार दिला. शिवाय गोळी न घेता त्याच रोगाने गेलेल्या पाच जणांचे मेंदू तुलनेसाठी मिळाले. सगळ्या काचांवर डॉक्टरीणबाईंनी नुसते आकडे टाकले. कुठली काच कुणाची हे वन्संना कळू द्यायचं नाही, असं वन्संनीच बजावलं होतं.

"तुमच्यावर कुणाचा अविश्वास आहे?" मी विचारलं.

"माझाच आहे. मला त्याला गाडायचंय ना? मग माझे डोळे मला हवं तेच बघणार. म्हणून ते बांधून ठेवायचे."

मोजणी संपल्यावर आकडे उघडले. बाबा धरून गोळी घेतलेले पाचही एका बाजूला, न घेतलेले पाच दुसऱ्या बाजूला, मधे एकही नाही. त्या दिवशी वन्संनी घरी येऊन चहा मागितला, दोन कप प्यायल्या आणि बाबांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत म्हणाल्या, "सापडला."

निबंध छापला गेला. मग त्यांनी सरांचा जुना निबंध छापणाऱ्या नियतकालिकाला पत्र लिहिलं. त्या नियतकालिकाने संस्थेकडे विचारणा केली, आणि संस्थेला बाहेरच्या तीन तज्ज्ञांची चौकशी समिती नेमावी लागली. सरांनी सांगितलं, नवव्या दिवसाचे फोटो कधी काढलेच गेले नव्हते. वन्संच्या वह्या शोधल्या तर नेमक्या त्याच सापडेनात.

पण वन्संना एक गोष्ट माहीत होती. मायक्रोस्कोपची देखभाल करायला एक गृहस्थ यायचे. दर महिन्याला यंत्रातल्या सगळ्या फोटोंची प्रत काढून स्वतःकडे ठेवायचे. वन्संनी समितीला फक्त त्यांचा पत्ता दिला. समितीने बोलावल्यावर ते खोकं घेऊन हजर झाले. म्हणाले, "मी कधी काही पुसत नाही. बायको म्हणते, तुम्हाला आजार आहे." त्या खोक्यात सगळं होतं. तारीख, वार, वेळ, सहा डिश, नववा दिवस. आणि पुढच्या महिन्याच्या प्रतीत ते फोटो पुसल्याची नोंद होती, चिऊच्या नावावर. सरांच्या सांगण्यावरून तिने ते मूळ यंत्रातून काढून टाकले होते.

सुनावणीला मी वन्संबरोबर गेले, सोबत म्हणून बसायला परवानगी होती. साधी खोली, लांब टेबल, भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ. सर आले. केस विरळ झालेले, आवाज तसाच मऊ. समितीला म्हणाले, "ही माझी जुनी विद्यार्थिनी. मला तिच्याबद्दल वाईटच वाटतं. पण हा निव्वळ वैयक्तिक आकस आहे."

समितीच्या अध्यक्षांनी वन्संकडे पाहिलं. "यावर तुम्हाला काही म्हणायचंय?"

"हो," वन्सं म्हणाल्या. "आकसच आहे. आकस नसता तर इतकी वर्षं कोण बसलं असतं? मी रोज सकाळी उठून या माणसाचं वाटोळं व्हावं म्हणून कामाला जात होते. पण सर, आकसाला फोटो काढता येत नाहीत. फोटो तुमच्या यंत्राने काढलेत."

"बाळ," सर म्हणाले, "त्या काळी आपल्याला—"

"मला बाळ म्हणू नका. माझ्या बापाला तुम्ही चौदा महिने तुमची गोळी खायला घातलीत. ती काय करते हे तुम्हाला माहीत होतं. मी स्वतः येऊन सांगितलं होतं."

सरांनी समोरच्या पाण्याच्या पेल्याकडे हात नेला आणि परत घेतला. वन्सं त्यांच्याकडे बघत होत्या, पापणी न हलवता. मी कधी कुणाला इतकं तृप्त होऊन बघताना पाहिलेलं नाही.

निबंध मागे घेतला गेला. सहाशे रुग्णांवर पुढची चाचणी सुरू होणार होती, ती थांबली. सरांना विभागातून काढलं. अध्यक्षांनी वन्संना विचारलं होतं, तुमची काही मागणी आहे का. त्यांनी एकच सांगितली. ज्या एक्केचाळीस घरांत गोळी गेली, त्या प्रत्येक घराला सरांनी स्वतःच्या हाताने पत्र लिहावं. टाईप केलेलं चालणार नाही. काय माहीत होतं आणि काय लपवलं ते लिहावं. समितीला ते रास्त वाटलं.

आमच्या घरचं पत्र अठरावं होतं, कोपऱ्यात आकडा होता. अक्षर शेवटी शेवटी फार बिघडलेलं. माझा नवरा ते वाचून रडला. ताईचे पाय धरायला वाकला, तर त्या मागे सरकल्या. "तू बापाला बरं वाटावं म्हणूनच केलंस ना? मग पुरे." वन्संनी पत्र दोनदा वाचलं. मी विचारलं, "आता शांत वाटतंय का?"

"शांत नाही वाटत," त्या म्हणाल्या. "पण फार बरं वाटतंय."

महिनाभराने एका रविवारी सकाळी दार वाजलं. चिऊ होती. मी तिला लगेच ओळखलं. तिच्यावर कारवाई व्हायची होती. टेबलाशी बसून ती तिच्या त्या हळू आवाजात म्हणाली, "तू फक्त एक ओळ लिहून दे. फोटो काढून टाकताना त्यांचा अर्थ मला माहीत नव्हता, एवढीच. मी वाचेन."

"तुला माहीत होता," वन्सं म्हणाल्या. "सहाव्या डिशच्या मेलेल्या पेशी तू माझ्याबरोबर मोजल्या होत्यास. मोजून झाल्यावर रडली होतीस."

"मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते गं."

"मीही सव्वीसच वर्षांची होते."

मी चहा ठेवला होता, तो तसाच सोडून चिऊ उठली. मी तिला खाली फाटकापर्यंत सोडायला गेले. वर येऊन मी वन्संना म्हणाले, "एक ओळ लिहून दिली असतीत तर तुमचं काय गेलं असतं?"

"खरं गेलं असतं," त्या म्हणाल्या. "आणि मला लिहायचंही नव्हतं."

आम्ही दोघी त्यावरून आठवडाभर बोललो नाही. मला अजूनही वाटतं, तिथे त्या चुकल्या. त्यांना तसं वाटत नाही.

वन्संना त्याच रुग्णालयात आता स्वतःची खोली आहे, मायक्रोस्कोप आहे. पेशीला आपला बिघडलेला भाग लवकर टाकता यावा यासाठी काय करता येईल, यावर त्या काम करतात. औषध वगैरे अजून काही हाती आलेलं नाही, आणि कुणी आशेने विचारलं तर त्या सरळ नाही म्हणतात. प्रत्येक डिश महिनाभर ठेवतात.

चिऊला मग कुठल्याच प्रयोगशाळेने घेतलं नाही. ती शाळेची विज्ञानाची पुस्तकं तपासून देते, असं मला आमच्या मुख्याध्यापिकांकडून कळलं. मी घरी येऊन वन्संना सांगितलं. त्या कोबी चिरत होत्या. सुरी थांबली नाही.

"नीट तपासते का?" त्यांनी विचारलं.

"तपासते म्हणे. एकही चूक सोडत नाही."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि कोबीचा दुसरा अर्धा भाग पुढे ओढला.